एका मूर्तीसमोर वीस मिनिटं

आठवीचा नवा वर्ग हाती आला की पहिल्या तासाला मी मुलांना एकच सांगते, "मनाने चित्र काढा." अकरा वर्षं हेच सांगत आले आणि अकरा वर्षं बहुतेक कागदांवर तेच चित्र आलं. दोन डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, वळत खाली येणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीच्या बाजूला नारळाचं झाड. आमची शाळा उत्तर नागपुरात, पाचपावलीच्या जवळ. शाळेच्या फाटकाशी मोठा कडुनिंब आहे. शिमग्याच्या सुमारास शहराबाहेर जरा गेलं की पळस पेटलेला दिसतो. उन्हाळ्यात घराघराच्या खिडकीत खसाच्या ताट्यांचे कूलर घरघरत असतात. यातलं काहीच कागदावर येत नाही. येतो तो नारळ.

मी याला मुलांचा आळस समजत होते. माझा तो समज दोन वर्षांपूर्वी मोडला. वस्तुचित्राचा सराव चालला होता. टेबलावर मातीचा माठ ठेवलेला, खिडकी उजव्या हाताला, उन्हाचा झोत सरळ माठाच्या उजव्या अंगावर. एक मुलगा मन लावून माठाची उजवी बाजू काळी करत होता. मी म्हटलं, "अरे, उजेड कुठून येतोय बघ." त्याने माठाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि खऱ्याखुऱ्या गोंधळाने विचारलं, "पण मॅडम, शेड त उजवीकडेच असते ना?" फळ्यावर मी इतकी वर्षं माठ काढत आले. छाया दरवेळी उजवीकडे देत आले, कारण माझ्या हाताला ते सोपं जातं. समोर खरा माठ असतानाही तो मुलगा माझा फळ्यावरचा माठ काढत होता.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

इथे परीक्षेविषयी सांगायला हवं. आमच्याकडे चित्रकलेचं नाव काढलं की पालकांना आठवतात त्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण जादा, बी ला ५, सी ला ३. त्यामुळे वर्षभर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असं ठरलेलं दळण चालतं. मी त्या परीक्षांना नावं ठेवणार नाही. मी स्वतः त्यांच्याच वाटेने इथवर आले. छोट्या गावातल्या मुलीच्या हातात पहिल्यांदा चांगला ब्रश त्यांनीच दिला. पण परीक्षेचा सराव म्हणजे चित्रकला, असं मी कधी समजून बसले ते मला कळलंही नाही. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने खरं चित्र, खरी मूर्ती चित्रकलेच्या तासासाठी म्हणून पाहिलेली नव्हती. आणि अजब बंगला आमच्या शाळेपासून मेट्रोने काही मिनिटांवर आहे.

बाहेरच्यांसाठी सांगते, अजब बंगला म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ सालचं. नागपूरच्या माणसाला मध्यवर्ती संग्रहालय कुठे विचारलंत तर तो क्षणभर थांबेल, अजब बंगला म्हटलंत तर लगेच हात दाखवेल. लहानपणी सुट्टीत आजोबांबरोबर भुसा भरलेला वाघ बघायला आपण सगळेच तिथे गेलेलो असतो.

जुलैच्या एका शनिवारी पहिली भेट ठरवली. सोमवारी संग्रहालय बंद असतं आणि शनिवारी आमची अर्धी शाळा, म्हणून शनिवार. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "हे अभ्यासक्रमात कुठे बसतं?" मी लेखी उत्तर दिलं. पालकांची संमतिपत्रं गोळा केली. एका वडिलांनी पत्रावर सही केली, पण खाली लिहिलं की गणिताचा जादा तास बुडू नये. तोही मुद्दा मी सांभाळला. नववीची सेहेचाळीस मुलं, तीन शिक्षक. इंदोरा चौकातून मेट्रो, झीरो माईलला उतरून पुढे पायी.

पहिली भेट फसली, आणि फसली ती माझ्यामुळेच. मी पंधरा प्रश्नांचा छापील कागद प्रत्येकाच्या हातात दिला होता. शिल्प कोणत्या दगडाचं, शस्त्राचं नाव काय, नाणं कोणत्या राजवटीचं. मला वाटलं, प्रश्न असले की मुलं बघतील. झालं उलटं. मुलं सरळ पाटीकडे जायची, पाटीवरची ओळ उतरवायची आणि पुढच्या पाटीकडे पळायची. वस्तूकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. दीड तासात आम्ही प्राणी, पक्षी, शस्त्रं, आदिवासी जीवन, शिलालेख, मूर्ती, चित्रं असं सगळं उरकलं. सोमवारी वर्गात विचारलं, काय पाहिलं? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "वाघ!" पंधरा प्रश्नांची उत्तरं मात्र सगळ्यांची बरोबर होती. त्या सेहेचाळीस कागदांचा गठ्ठा माझ्या कपाटात अजून आहे.

मग मी एकटीच दोन वेळा जाऊन आले. मूर्तींच्या दालनात एक दगडी पुरुषमूर्ती मनात भरली. उजवा हात कोपरापासून तुटलेला, नाक झिजलेलं, पण कमरेपाशी दगडाला असा बाक होता की वाटावं, आत्ताच कोणीतरी हाक मारली आणि हा वळला. तिच्यासमोर मी घड्याळ लावून उभी राहिले. पाच मिनिटं झाली तेव्हा वाटलं, सगळं बघून झालं. दहाव्या मिनिटाला दिसलं की दोन्ही खांदे एका उंचीवर नाहीत. पंधराव्या मिनिटाला दिसलं की एका पायाची टाच जमिनीवर पूर्ण टेकलेली आहे, दुसऱ्याची नाही. तिथेच ठरवलं, पुढच्या वेळी एकच मूर्ती आणि पूर्ण वीस मिनिटं.

ऑगस्टमध्ये दुसरी भेट. या वेळी सगळा वर्ग नेला नाही, सोळाजणांचा गट केला. बाकीच्यांच्या पाळ्या पुढच्या शनिवारी. कागदावर एकही प्रश्न नाही. परीक्षेचं पॅड, चार कोरे कागद, टू-बी पेन्सिल, खोडरबर. रंग नाही, पेन नाही. नियम असा की पहिली पाच मिनिटं पेन्सिल खिशात. नुसतं बघायचं, बोलायचं नाही. मग मूर्तीकडे पाठ करून बसायचं आणि आठवेल ते काढायचं. त्यानंतर पुन्हा वळायचं, काय काय सुटलं ते बघायचं, आणि मगच खरं चित्र सुरू.

पहिली पाच मिनिटं फार जड गेली. मुलं चुळबुळ करत होती, एकमेकांना कोपर मारत होती. मागे एकजण हळूच म्हणाला, "काय पाहून राहिलो बे आपण?" मी काही बोलले नाही. पाठ करून काढायला बसवलं तेव्हा मात्र सोळाही जणांचे चेहरे बदलले. काहीच आठवेना. डोक्यावर मुकुट होता की केस? डावा हात वर होता की खाली? एका मुलीने मूर्ती सरळसोट काढली, गणवेशात प्रार्थनेला उभं राहतात तशी. दोघांनी तुटलेला हात पुरा करून टाकला होता. आपण तसं केलंय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. डोळ्यांनी तुटका हात पाहिला आणि मनाने तो जोडून दिला.

मग वळायला सांगितलं. सोळा मुलं एका झटक्यात वळली आणि दालनात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. आता ती खरंच बघत होती. "मॅडम, याचा हात त तुटलेला आहे!" एकजण ओरडलाच. जणू तो हात आत्ताच, त्याच्या डोळ्यांदेखत तुटला होता. नेहमी मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा मूर्तीच्या बाजूला गेला आणि जमेल तितकं वाकून मागून बघू लागला. नंतर त्याने जे चित्र काढलं ते मूर्तीच्या कुशीचं होतं. चेहरा नाही, दागिने नाहीत. फक्त बरगडीपासून मांडीपर्यंतची एक रेघ. ती रेघ त्याने सात वेळा खोडली होती, त्या जागी कागद विरून केसाळ झाला होता.

वर्गातलं काम इथून सुरू झालं, आणि माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत चांगलं काम तेच होतं. मी विषय दिला, "हरवलेला हात". मूर्तीचा तुटलेला हात कसा असेल ते शोधायचं, पण मनाने नाही, शरीराने. बाकं मागे सरकवली. ज्या मुलाने कुशीची रेघ काढली होती त्यालाच मध्ये उभा केला. सगळा भार डाव्या पायावर घे, उजवा गुडघा सैल सोड. त्याने तसं केलं आणि वर्ग ओरडला, "कंबर बाहेर आली!" मग कोणीतरी म्हणालं, "खांदा पाहा, उलट्या बाजूला गेला." सूत्र मी सांगितलंच नाही. एक पाय सैल सुटला की कंबर एकीकडे झुकते आणि तोल सांभाळायला खांदा दुसरीकडे, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहिलं. त्रिभंग हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. मान, कंबर आणि गुडघा अशा तीन जागी आलेला बाक. शब्द आधी दिला असता तर त्यांनी तो पाठ केला असता.

मग हात. उजवा हात वर असेल तर खांदा उचलला जाईल, पण मूर्तीचा खांदा तर उतरलेला होता. म्हणजे हात खाली असणार. आशीर्वादाचा नसणार, कारण त्यासाठी कोपर वर यायला हवं. दोन मुलींनी वाद घातला की हातात काहीतरी जड असेल, म्हणून खांदा खाली ओढला गेला. त्यांनी मला पाण्याने भरलेली बादली उचलून दाखवली. आम्ही मातीत सोळा हात केले, सोळाही वेगळे. त्यातले किती बरोबर, मला ठाऊक नाही. पण एकही हात हवेत लटकलेला नव्हता, प्रत्येकाला खांदा होता.

गणपतीच्या आधी महालातल्या चितारओळीत गेलो. ही भेट छोटीच होती, कारण कारागिरांना त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. आम्ही कोपऱ्यात उभे राहून बघायचं, मध्ये यायचं नाही, असं मुलांना बजावलं होतं. तिथे एका लाकडी चौकटीवर सुतळीने आवळलेला गवताचा नुसता सांगाडा उभा होता. अजून माती चढलेली नव्हती. त्या गवताच्याही कमरेला बाक होता. मुलांनी एकमेकांना खुणा केल्या, "त्रिभंग, त्रिभंग." एका वयस्क कारागिराने ते ऐकलं आणि हातातलं काम न थांबवता म्हणाले, "गवतातच वाकवावं लागते. माती चढल्यावर काय वाकते?" मी ते वाक्य वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. महिनाभर कोणी पुसलं नाही.

दिवाळीनंतर सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कलादालनात एक चित्रप्रदर्शन पाहायला गेलो. अमूर्त चित्रं होती. मला धाकधूक होती, कारण अशा चित्रांपुढे मोठी माणसंही "आम्हाला यातलं कळत नाही" म्हणून पाय काढता घेतात. मुलांना मी तोच नियम दिला, एक चित्र, वीस मिनिटं. चित्रकार स्वतः तिथे होते. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. मोठ्या निळ्या चित्रापुढे बसलेल्या एका मुलीने मला हाताने जवळ बोलावलं. "मॅडम, इथे पाहा, केस!" जाड निळ्या रंगाच्या थरात ब्रशचा एक केस अडकून वाळला होता. चित्रकारांना दाखवला तर ते खाली वाकून बघत राहिले. त्यांनाही तो आधी दिसला नव्हता. मग त्यांनी मुलांना सांगितलं की तो पट्टा एकाच फटक्यात ओढलेला आहे, ब्रश जुना होता, केस गळत होते. मुलांच्या लेखी त्या क्षणी ते चित्र कोणीतरी हाताने केलेली वस्तू झालं. "याचा अर्थ काय" हा प्रश्न नंतर कोणी विचारलाच नाही. प्रश्न आले ते असे: आधी कोणता रंग लावला? निळ्याखाली लाल का दिसतो? वाळायला किती दिवस लागतात? हे प्रश्न मला फार मोलाचे वाटतात.

परत आल्यावर वर्गात मी सय्यद हैदर रझांविषयी सांगितलं. रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातला, म्हणजे आपल्या शेजारचाच. १९३९ ते १९४३ ही वर्षं ते नागपुरात चित्रकला शिकले, मग मुंबई, मग १९५० मध्ये पॅरिस. जगभर त्यांची ओळख आहे ती बिंदूने. त्या बिंदूची गोष्ट ते स्वतः सांगत. लहानपणी शाळेत त्यांचं मन एका जागी ठरत नसे, तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि याच्याकडे बघत बस म्हणाले. मुलं ही गोष्ट ऐकताना हलली नाहीत. रझांना एकेकाळी याच शहराने चित्रकला शिकवली, हे त्यांना माहीत नव्हतं. चौकाचौकांत नेत्यांचे फलक बघत ही मुलं मोठी होतात. आपल्या गावात शिकलेल्या चित्रकाराचं नाव त्यांच्या कानावर नववीपर्यंत पडू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या मागच्या भिंतीवर कोणीतरी खडूने मोठा काळपट ठिपका काढून ठेवला होता. मी तो राहू दिला.

शेवटचा प्रकल्प होता "घरचं संग्रहालय". प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू निवडायची, तिच्यासमोर वीस मिनिटं बसायचं, ती काढायची आणि स्वतःच्या शब्दांत पाटी लिहायची. पाटीत तीन गोष्टी हव्यात: ही कोणी वापरली, कुठे झिजली, आणि नीट पाहिल्यावर काय नवीन दिसलं. वस्तू आल्या त्या अशा: कडेला चेपलेला पितळी गडवा, सायकलचा डायनामो, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल (एक शिंग नवं, दुसरं जुनं), रेल्वेतल्या आजोबांचा कंदील, पाटा, दळणाच्या जात्याची खुंटी. खुंटी आणणाऱ्या मुलाने पाटीवर लिहिलं होतं, "ही खुंटी एकाच बाजूने गुळगुळीत आहे. म्हणजे माझी पणजी एकाच हाताने दळत होती." मी ते वाचलं आणि बराच वेळ खुंटी हातात धरून बसले.

पण मला ज्या वस्तूबद्दल मुद्दाम लिहायचं आहे ती वेगळी. आमच्या भागात हातमागावर विणणारी बरीच घरं होती, अजूनही थोडी आहेत. नववीतल्या एका मुलीने आजीचं टसरचं करवतकाठी लुगडं आणलं. विदर्भाबाहेर पैठणीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, करवतकाठीचं फारसं नसतं. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते म्हणून करवतकाठी. मुलीने आधी ते दाते पट्टी लावून सरळ त्रिकोण म्हणून काढले, संकल्पचित्रात मी शिकवते तसे. मी म्हटलं, वीस मिनिटं बसलीस का? ती गप्प. तिला भिंग दिलं.

थोड्या वेळाने ती धावत आली. "मॅडम, हे त्रिकोण नाहीत. या पायऱ्या आहेत!" खरंच होतं. धागा जातो तो आडवा किंवा उभा, तिरका तो जाऊच शकत नाही. त्यामुळे दुरून तिरकी दिसणारी प्रत्येक कड जवळून बघितली की एकेक धाग्याने वर चढत जाणारी पायरी असते. काठाचा धागा आणि अंगाचा धागा जिथे एकमेकांत अडकतात तिथे त्या पायऱ्या उमटतात. अकरा वर्षं मी ही नक्षी फळ्यावर त्रिकोणांनी शिकवत होते. त्या दिवशी मी गणिताच्या बाईंकडून आलेख कागदाचा गठ्ठा मागून आणला आणि सगळ्या वर्गाने दाते पुन्हा काढले, एक धागा म्हणजे एक चौकोन धरून. संकल्पचित्राचा इतका शांत तास माझ्या वर्गात आधी कधी झाला नव्हता.

मुलीने घरी आजीला विचारून आणलं की तीन धोटे, म्हणजे आडवा धागा फेकायची साधनं, लागतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा. आजी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून एका काठाचा धोटा फेकायची. तिचं शाळेत जाणं तेव्हाच सुटलं. हेही मुलीने पाटीवर लिहिलं. मी काही बदललं नाही.

जानेवारीत शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवस प्रदर्शन मांडलं. जुन्या बाकांवर पांढरी चादर, वर वस्तू, मागे दोरीला चिमट्यांनी लावलेली चित्रं. सोळा हातही ठेवले, शेजारी मूर्तीची रेखाटनं. संध्याकाळी कामावरून सुटलेले पालक आले. गणिताचा तास बुडू नये म्हणणारे वडीलही आले. मुलाने त्यांना आलेख कागदासमोर उभं केलं आणि धागे मोजून दाखवले. ते बराच वेळ उभे होते. मला फक्त एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी पत्र जरा आधी पाठवा."

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास ती आजी आली. नातीचा हात धरून सगळ्या बाकांवरून फिरली, पण खरी नजर स्वतःच्या लुगड्यावर. लुगड्यामागे टांगलेल्या नातीच्या चित्रापाशी थांबली. चष्मा कपाळावर सारला, कागदाला नाक लावलं आणि बोटाने एकेक पायरी मोजू लागली. ओठ हलत होते. आम्ही सगळे गप्प उभे. शेवटच्या दात्याशी तिचं बोट थांबलं.

"एक धागा कमी हाये, पोरी. मोजून पाह्य."

नातीने मोजलं. कमी होता. तिने चिमटा काढून कागद खाली घेतला आणि तिथेच व्हरांड्याच्या फरशीवर खोडरबर घेऊन बसली. आजी तिच्या बाजूला भिंतीला टेकून बसली. शिपाईभाऊ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले होते. मी त्यांना म्हटलं, अजून पंधरा मिनिटं थांबा.